गाऱ्हाण्यातलं औषध

काकीच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मी पीएचडीच्या सहाव्या वर्षाला होते आणि नाहूरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझी किंमत शून्य होती. माझ्या वयाच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली होती. जिन्यात कोणी भेटलं की ठरलेला प्रश्न, "काय गं, अजून शिकतेच आहेस?" मी आतल्या आत धुमसायचे. पण तिसऱ्या मजल्यावरून काकीच्या कानावर पडलं तर ती कठड्यावर ओणवून खणखणीत सांगायची, "ता मार्कांसाठी शिकत नाय हां! ता कॅन्सरचा औषध करता!"

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. आम्ही पहिल्या मजल्यावर, काका-काकी तिसऱ्या. त्यांना मूलबाळ नाही. आई नोकरीला जायची, त्यामुळे मी लहानाची मोठी झाले ती काकीच्याच स्वयंपाकघरात. माझी पाळी आली ते पहिलं तिला कळलं, बारावीत केमिस्ट्रीत नापास होता होता वाचले तेही तिलाच. सांगायचा मुद्दा असा, की ती कोणी लांबची नव्हती. लांबची असती तर आज एवढी लाज वाटली नसती.

आता मी काय करत होते ते सांगते. सोपं करून सांगते, कारण तेव्हाही सोपं करून सांगायच्या नादातच सगळी वाट लागली.

मातीत एक जंतू असतो, तो एक भयंकर विष तयार करतो. हे विष पेशीत शिरलं की तिच्यातला डीएनए तोडतं, म्हणून कॅन्सरवाल्यांना त्यात रस. पण हे विष स्वतः महानाजूक. उजेड लागला, खराब. उष्णता लागली, खराब. मोकळं सोडलं तर काही मिनिटांत त्याचा कचरा होतो. मग तो जंतू काय करतो, तर विषाबरोबर एक प्रोटीनही तयार करतो. त्या प्रोटीनमध्ये एक खोबण असते. विष त्या खोबणीत बसतं आणि तिथे ते टिकतं, उजेडापासून, उष्णतेपासून, स्वतःपासूनही. पुढे पेशीजवळ गेल्यावर सुटतं. पवईच्या आमच्या लॅबमध्ये मी त्या प्रोटीनची खोबण थोडी बदलून बघत होते, विष जास्त वेळ टिकतं का म्हणून. बस, एवढंच. परीक्षानळीत. माणूस सोडा, उंदरालासुद्धा आम्ही अजून टोचलं नव्हतं.

काकी एकदा लॅबमध्ये आली होती, आजारपणाच्या वर्षभर आधी. चांगली इरकल साडी नेसून, केसात अबोलीचा वळेसर माळून. मी तिला आतल्या खोलीत नेलं. तिथे दिवे बंद करून लाल बल्बवर काम चालतं, नळ्यांना चांदीचा कागद गुंडाळलेला असतो आणि त्या बर्फाच्या डब्यात खोचलेल्या असतात. तिने ते सगळं बघितलं आणि म्हणाली, "गणपती घराक हाडताना तेच्या तोंडार रुमाल घालतंत, तसाच गो ह्या. जागेवर बसल्याशिवाय उजेड दाखवूचो नाय." आमच्या सरांनी हे ऐकलं आणि जाम खूश झाले. पुढे एका भाषणात त्यांनी ते वापरलंसुद्धा. त्या दिवसापासून काकीच्या बोलण्यात ते "तुझा औषध" झालं आणि माझ्या बोलण्यात "आमचं औषध". मी तिला एकदाही म्हटलं नाही की काकी, औषध नाही गं, नुसतं संशोधन आहे. का म्हणू? सहा वर्षांत मला हरभऱ्याच्या झाडावर चढवणारं दुसरं होतंच कोण!

मग जुलैत गाठ. तपासण्या, सुई टोचून तुकडा काढणं, रिपोर्ट. हॉस्पिटलच्या डॉक्टरबाईंनी काका-काकीला समोर बसवून नीट समजावलं. मीही होते. गाठ मोठी आहे पण पसरलेली नाही. आधी केमो देऊन ती लहान करू, मग ऑपरेशन. वेळेत केलं तर बरं व्हायची चांगली आशा आहे. काकीने विचारलं, "गणपती झाल्यावर सुरू केला तर चलात?" बाई म्हणाल्या, "तीनच आठवडे आहेत, चालेल, पण त्यापुढे एक दिवस नाही." तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर काकी पलंगावर बसली ती उठेचना. तिला धीर द्यायचा म्हणून मी बोलून गेले, "काकी, घाबरतेस काय? आमच्या लॅबमध्ये ह्याच्यावरच तर काम चाललंय." तिने मान वर केली. तिचा चेहरा असा खुलला, की आईशप्पथ, पुढचं वाक्य माझ्या घशातच राहिलं. पुढचं वाक्य होतं, "पण त्याला खूप वर्षं लागतील."

गावचं घर बंद झाल्यापासून आमचा गणपती काकांकडे, नाहूरलाच बसतो. आरती झाली की घरातला मोठा माणूस गाऱ्हाणं घालतो. आम्हा मालवणी लोकांचं देवाशी बोलणंच असं, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्यांनी एका सुरात हुंकार द्यायचा. हुंकार दिला म्हणजे तुम्ही त्या मागणीला साक्षीदार झालात. काकांनी हात जोडले. आधी नेहमीचं झालं, मुलाबाळांना सुखी ठेव, वाटेवरल्या माणसाला सांभाळ. मग त्यांचा आवाज बदलला, आणि ते त्यांच्या चेडवावर, म्हणजे माझ्यावर, आले.

"आनि बा म्हाराजा, आमच्या चेडवान जा औषध करूक घेतला हा, ता तुज्या कृपेन लवकर पुरा होवंदे, आनि माज्या घरच्या लक्ष्मीक ता लागू पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

मीही ओरडले. खोटं कशाला सांगू, जरा जोरातच ओरडले. खोलीत वीस-पंचवीस माणसं होती, जिन्यात टोमणे मारणाऱ्या बायकाही होत्या, आणि सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. देवासमोर सायन्सवाली बाई "व्हय म्हाराजा" म्हणाली, आणि त्या खोलीत मी एकटीच होते जिला पक्कं ठाऊक होतं की ह्यातलं काहीही होणार नाही.

विसर्जनानंतर मी लॅबमध्ये गुंतले. केमोची तारीख होऊन गेली. मी फोनवर विचारलं, "गेलात ना?" काका म्हणाले, "सगळा बराबर चल्लाहा, तू तुझा काम कर." मला बरं वाटलं, कामाला लागले. ऑक्टोबर गेला. दिवाळीला वर गेले तेव्हा काकी करंज्या तळत होती. केसांचा तोच घट्ट अंबाडा, भरगच्च. मी बघितलं. केमोने केस जातात हे शेंबड्या पोराला माहीत असतं, आणि मी तर त्याच विषयात सहा वर्षं घासत होते. मी बघितलं आणि विचारलं नाही. मनात म्हटलं, काही औषधांनी जात नसतील. कप्पाळ माझं! विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकल्यावर मलाही उत्तर द्यावं लागलं असतं.

तिनेच उलट विचारलं, "खंयपर्यंत इला तुझा?"

"मस्त चाललंय," मी म्हणाले. तोंडात करंजी होती.

डिसेंबरात प्रयोग आपटला. तोवर आम्ही सगळं साध्या द्रावणात करत होतो. पहिल्यांदा माणसाच्या रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, करून बघितलं, तर माझी लाडकी बदललेली खोबण विषाला धरूनच ठेवेना. मूळच्या जंतूचं प्रोटीन माझ्यापेक्षा बरं निघालं. सर म्हणाले, "हरकत नाही, नापास झालेला प्रयोगही पेपरात जातो. पण हे माणसापर्यंत जायला अजून दहाएक वर्षं, तेही नशीब असलं तर." ते नेहमीच असं म्हणायचे. पहिल्या वर्षापासून म्हणत होते.

त्या दिवशी दुपारीच घरी आले, तोंड पाडून. काकीकडे चहा मिळेल म्हणून वर गेले. ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती, म्हणजे घालायचा प्रयत्न करत होती. डावा हात खांद्याच्या वर जाईना. मी चादर घ्यायला पुढे झाले आणि तिच्या दंडाला हात लागला. दंड सुजून टणक झाला होता. मी ब्लाऊजच्या काखेकडे बघितलं, तिथे गाठींचा फुगवटा वर आला होता.

"काकी, केमो किती झाल्या?"

ती चिमटे गोळा करत राहिली.

"किती झाल्या गं?"

"एकव नाय."

"म्हणजे?"

"अगो, तुझा येतला ना!" हे तिने असं सांगितलं, जणू मीच वेड्यासारखं विचारत होते. मग मला खाली बसवून समजावलं. हॉस्पिटलचं औषध घ्यायचं आणि वर माझं घ्यायचं, म्हणजे एकावर दुसरं, आणि मग एकही लागू पडत नाही, हे तिने गावच्या वैदूकडून ऐकलं होतं. आणि दुसरं म्हणजे देवाकडे गाऱ्हाणं घालून झालं होतं. सगळ्यांच्या साक्षीने. आता दुसऱ्या औषधाकडे जायचं म्हणजे देवाला सांगायचं की तुझ्यावर भरवसा नाही. काका म्हणाले होते, थांबूया. ती थांबली होती. "आनि तू पन व्हय म्हटलंस ना," ती म्हणाली.

मी तिच्यावर ओरडले. शी! मी त्या बाईवर ओरडले, अडाणी म्हणाले, "अक्कल आहे की नाही तुम्हाला" म्हणाले. तिने ऐकून घेतलं. माझा राग खरं तर कोणावर होता ते मला कळत होतं, पण स्वतःला थोबाडीत मारता येत नाही म्हणून माणूस समोरच्यावर हात साफ करतो.

दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटल. त्याच डॉक्टरबाई. त्यांनी फाइल उघडली, तारखा बघितल्या, काकीला तपासलं आणि चष्मा काढला.

"एवढे महिने होतात कुठे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. काकी म्हणाली, "गावाक गेलंलय. शेताची कामां होती." आमचं गावात शेतच नाही.

बाई भडकल्या. त्यांचं बरोबरच होतं. काकीला म्हणाल्या, "जीव महत्त्वाचा की शेत? घरात शिकलेली मुलगी आहे, हिला तरी विचारायचं!" आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही काय करता?"

त्या खोलीत खरं बोलायला मला चार शब्द लागले असते. मी म्हणाले, "क्लासेस घेते. दहावीचे."

काकीने चटकन माझ्याकडे पाहिलं. बिल्डिंगभर जिचं कौतुक ती सांगत फिरली, ती मुलगी दहावीचे क्लासेस घेते म्हणाली. आयुष्यात मी इतकी हलकी कधी झाले नव्हते.

रोग यकृतात गेला होता. आता बरं करायचं नव्हतं, जमेल तेवढं लांबवायचं होतं. आठवड्याला एक सलाईन. पहिल्या दिवशी मी सोबत होते. नर्सने बाटली टांगली, आत दुधट पांढरं पाणी. मी नाव वाचलं. हे औषध मला चांगलं ठाऊक होतं, त्याच्यावर मी सेमिनार दिला होता. औषध जुनंच, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते माणसाच्या रक्तातल्याच एका प्रोटीनवर, अल्ब्युमिनवर, बसवून देतात. प्रोटीन त्याला सांभाळून घेऊन जातं. म्हणजे ज्या कल्पनेच्या जिवावर मी मिरवत होते, ती कल्पना कोणीतरी निमूटपणे खरी करून दाखवली होती आणि ती सप्टेंबरपासून ह्या हॉस्पिटलच्या कपाटात पडून होती. काकीला तेव्हा हीच बाटली लागली असती की दुसरी, मला माहीत नाही. पण तेव्हा लागलं असतं ते बरं करण्यासाठी लागलं असतं.

मी काकीला हे जेमतेम सांगायला घेतलं, आणि "प्रोटीन" म्हटल्याबरोबर तिचे डोळे चमकले. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला ती म्हणाली, "ह्या आमच्या चेडवाचा काम हां."

मग मात्र मला राहवेना. मी खुर्ची जवळ ओढली. "काकी, हे माझं नाही. माझं येणारच नव्हतं गं. दहा वर्षं तरी नाही. मला गणपतीतच माहीत होतं."

ती बाटलीकडे बघत राहिली. मी वाट बघत होते, तिने शिव्या घालाव्यात, सुई उपटून अंगावर फेकावी, काहीही. मला ते हवं होतं. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या काकांक सांगा नको."

"का?"

"तेंनीच माका थांब म्हटल्यानी. तेंका कळला तर ते जगाचे नाय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू आपला पोटात ठेव."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी मागितलीही नाही. मागायला तोंड कुठे होतं?

काकी मार्चमध्ये गेली. आई रडली, बिल्डिंग रडली, माझे सर येऊन गेले. काका भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचे, "थोडक्यात चुकला. चेडवाचा औषध होताच इला होता. हिका चार महिने आनकी मिळूक होये होते." लोक माझ्या पाठीवर हात ठेवायचे. मी खाली मान घालून बसायचे, आणि सगळ्यांना वाटायचं मुलगी दुःखात आहे. मी काकीचा शब्द पाळत होते असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तो शब्द माझ्याही सोयीचा होता.

हे असंच चाललं असतं. पण गेल्या महिन्यात एका रविवारी काकांनी मला वर बोलावलं. समोर एक बाई बसली होती, भांडुपची, काकांच्या जुन्या ऑफिसातल्या कोणाची तरी सून. चाळिशीची असेल. मांडीवर हॉस्पिटलची फाइल, नवीकोरी. काका तिला उत्साहाने सांगत होते, "हिच्याकडे आसा औषध. माझ्या मंडळींक उशीर झालो, पन तुका होवचो नाय. विचार तू, विचार."

बाई म्हणाली, "ताई, मला पुढच्या सोमवारी पहिली केमो आहे. पण काका म्हणतात थोडं थांब. तुमचं किती दिवसांत येईल? मी थांबायला तयार आहे."

काका पाणी आणायला आत वळले होते. मी तेवढ्यात हळूच सांगून टाकू शकले असते. तोंड उघडलंही. पण मग तिने पुन्हा विचारलं, "थांबू ना?" आणि मला एकदम सगळ्याचा संताप आला, माझाच, आणि माझा आवाज चढला.

"अजिबात थांबू नका! माझ्याकडे काही नाही. औषध नाही, काही नाही. कधीच नव्हतं. सोमवारी जा. पोटात दुखलं तरी जा, सण असला तरी जा, कोणी देव मध्ये आणला तरी जा."

ती घाबरून उठलीच. फाइल छातीशी धरून "बरं, बरं" म्हणत चपला घालून निघाली. नंतर कळलं, ती सोमवारी गेली.

मी वळले तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, हातात पाण्याचा ग्लास. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या डोक्यात हिशेब जुळत होता, ते मला चेहऱ्यावर दिसत होतं. गणपती, दिवाळी, डिसेंबर. मग त्यांनी ग्लास टेबलावर ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, आज भाजी काय केलीस असं विचारावं तसं, विचारलं,

"मगे तिका कित्याक सांगलंस नाय?"

मी उत्तर दिलं नाही. अजूनही दिलेलं नाही. काका रोज रात्री आमच्याकडे जेवायला येतात, मी वाढते. भात हवा का विचारलं तर मान हलवतात, आणि माझ्या आईशी बोलतात.